काढू नये अशी डिस्क

"बाई, बाबांचा कॉम्प्युटर उठत नाहीये. आजच्या आज येऊन बघाल का? संध्याकाळनंतर तो माझ्याकडे राहणार नाही."

फोनवरचा आवाज रडून रडून कोरडा पडला होता.

"का, कुठे जाणार आहे?"

"ऑफिसचे मोठे साहेब सकाळपासून दोनदा येऊन गेले. म्हणतात, मशीन ऑफिसचं आहे, पाच वाजता माणूस पाठवतो. त्याआधी मला बाबांनी काय लिहून ठेवलंय ते बघायचंय. रविवारी ते मला म्हणाले होते, एक गोष्ट सांगायचीय, पण आधी खात्री करतो."

"मग सांगितली का?"

"सोमवारी सकाळी ते गेले, बाई."

टेस्टरबाईंनी दुकानाचं शटर ओढलं आणि पिशवी उचलली.

त्यांचं खरं नाव गावात कोणी घेत नसे. वीस वर्षं तंत्रशाळेत शिकवून त्यांनी कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान टाकलं होतं. पिवळ्या मुठीचा टेस्टर सदान्‌कदा केसांत खोचलेला. म्हणून टेस्टरबाई.

आणि गेलेल्या माणसाला सगळे मोजणीसाहेब म्हणत. गावाच्या वरच्या अंगाला पाणीपुरवठ्याचं मोठं तळं होतं, त्याला मातीचा उंच बांध. बांधाच्या माथ्यावर ओळीने बारा सिमेंटचे खांब. त्यातला एखादा खचतोय का, हे दुर्बिणीच्या यंत्राने मोजायचं आणि लिहून ठेवायचं, हे त्यांचं तीस वर्षांचं काम. बांधाच्या पायथ्याशी खालची वस्ती होती. चारशे घरं. मोजणीसाहेबांच्या आकड्यांवर विसंबून ती चारशे घरं रोज निवांत झोपत.

सोमवारी सकाळी नऊ वाजता ते बांधाच्या दगडी पायऱ्यांखाली पडलेले सापडले. पाय घसरून मृत्यू, असं लिहून फौजदारांनी कागद मिटला होता.

आज बुधवार होता.

*

घर बांधापासून चालत दहा मिनिटांवर. मुलगी दारातच उभी होती. ती इस्पितळात नर्स होती, पांढरा गणवेश अजून अंगावर होता. आत तिचा काका बसला होता, मोजणीसाहेबांचा धाकटा भाऊ. तो परगावी राही, बातमी कळताच सोमवारी रात्रीच्या बसने आला होता. पुतणी त्याच्याकडे बघत नव्हती.

टेस्टरबाईंनी बटण दाबलं. पंखा घरघरला. दिवा लागला. मग काळा पडदा आणि त्यावर पांढरी एक ओळ. सुरू होण्याजोगी डिस्क सापडत नाही.

"शेवटचा कधी चालला होता?"

"रविवारी रात्री. मी ड्यूटीवर निघाले तेव्हा बाबा त्याच्यासमोरच बसले होते."

"पासवर्ड?"

"नाही. बाबा म्हणायचे, माझ्या कॉम्प्युटरात चोरण्यासारखं आहे काय?"

टेस्टरबाईंनी डबा उघडला. आत दोन डिस्क होत्या. एक छोटी, पातळ, नव्या जातीची, जिच्यात फिरणारं काहीच नसतं. दुसरी जुनी, विटेएवढी जड, आत तबकडी फिरणारी. दोन जातींच्या डिस्क एका घरात नांदवायच्या म्हटलं की कुरबुरी होतातच, हे त्यांना पाठ होतं. बहुतेकदा दुखणं साधं निघतं. केबल सैल होते. नाहीतर कोणाला आधी हाक मारायची याचा क्रम बिघडतो.

केबली घट्ट होत्या. मशीनच्या मुख्य बोर्डाच्या यादीत दोन्ही डिस्क हजर होत्या. क्रमही बरोबर होता. त्यांनी क्रम उलटा करून पाहिला. केबल बदलली. जुनी डिस्क काढून फक्त छोटी ठेवली, मग छोटी काढून फक्त जुनी. प्रत्येक वेळी तीच पांढरी ओळ.

"छोटी मेली असेल," काका म्हणाला.

टेस्टरबाईंनी छोटी डिस्क आपल्या लॅपटॉपला जोडली. ती ठणठणीत होती. सगळी सिस्टम, सगळे फोटो, सगळं जागच्या जागी. फक्त एक गोष्ट नव्हती. कॉम्प्युटर जागा होताना ज्या छोट्या भागाकडे पहिल्यांदा वळतो, तो भाग या डिस्कवर नव्हताच. पुसलाही नव्हता. तो तिथे कधी बसवलाच नव्हता.

मग इतकी वर्षं हे मशीन उठत होतं कशाच्या जोरावर?

त्यांनी जुनी जड डिस्क जोडली. ती रिकामी होती. पाटीसारखी कोरी.

टेस्टरबाईंनी चष्मा पुसला. फिरत्या डिस्क स्वतःची हजेरी स्वतःच ठेवतात, किती वेळा चालू झालो, किती तास फिरलो. ती हजेरी त्यांनी उघडली.

चालू झाल्याची संख्या, आजच्या वेळा धरून, आठ. फिरल्याचे तास, एक.

डिस्कच्या लेबलवर नऊ वर्षांपूर्वीची तारीख होती.

"काका, जरा बाहेरून पाणी आणता?" त्या म्हणाल्या. काका बाहेर पडल्यावर त्यांनी मुलीचा हात धरला. "हे बघ. ही तुझ्या बाबांची डिस्क नाही. तसलीच दिसणारी दुसरी कोणीतरी आणून बसवलीय, आणि ती कोरी आहे. हे तू आणि मी सोडून कोणाला कळता कामा नये. काकालाही नाही."

मुलीने दाराकडे पाहिलं.

"काकाच असणार. हा कॉम्प्युटर त्यानेच दुरुस्त करून दिला होता. आणि रविवारी फोनवर बाबांशी कडाक्याने भांडला तो."

*

काका पाणी घेऊन आला. टेस्टरबाईंनी त्याला समोर बसवलं.

"छोटी डिस्क तुम्ही घातलीत?"

"दोन वर्षांपूर्वी. मशीन फार मंद झालं होतं."

"घालताना जुनी काढून ठेवली होती?"

काका ओशाळला. "नाही हो, तिथेच चूक झाली. जुनी जोडलेलीच ठेवून मी नवीवर सिस्टम टाकली. मग सिस्टम बसली छोटीवर आणि उठवणारा भाग गेला जुनीवर. नंतर ध्यानात आलं. पुन्हा सगळं करायचा कंटाळा केला. दादाला सांगितलं, जुनी डिस्क काढलीस तर हे मशीन उठणारच नाही."

"हे आज म्हणताय?"

"लिहूनही ठेवलंय. बोर्डाच्या खोक्यातल्या पुस्तिकेत."

मुलीने कपाटावरून खोकं काढलं. पुस्तिकेच्या पहिल्या पानावर, शाई फिकी पडलेली, काकाचं अक्षर. 'उठवणारा भाग जुन्या डिस्कवर आहे. ती काढू नये.' खाली दोन वर्षांपूर्वीची तारीख.

"रविवारी भांडलात कशावरून?"

काकाने पुतणीकडे पाहिलं. ती अजूनही खिडकीकडे तोंड करून होती.

"दादा म्हणाला, बांधाची मोजणी खोटी लिहिली जातेय. मी म्हटलं, निवृत्तीला वर्ष राहिलंय, कशाला नसती आफत ओढवून घेतोस? तो चिडला. म्हणाला, खाली चारशे घरं आहेत."

"खोटी कोण लिहितंय?"

"नाव नाही सांगितलं. म्हणाला, आधी त्याला एक संधी देतो."

मुलगी वळली. "आणि तू मला हे तीन दिवस सांगितलं नाहीस, काका?"

"तुला अजून भीती कशाला घालू? मला वाटलं, घसरूनच पडला असेल. गुडघा दुखायचा ना त्याचा."

टेस्टरबाई पुन्हा लॅपटॉपकडे वळल्या. छोट्या डिस्कवरच्या सिस्टमने आपली रोजनिशी नेमाने लिहिली होती. शेवटची पानं त्यांनी दोनदा वाचली.

रविवारी रात्री दहा वाजता बंद. सोमवारी सकाळी सहा अठ्ठावन्नला सुरू. सात चारला जुन्या डिस्कवरची एक फाईल उघडली, नाव 'खरी मोजणी'. सात अकराला व्यवस्थित बंद. त्यानंतर काही नाही.

"तू सोमवारी घरी कधी आलीस?"

"साडेआठला."

टेस्टरबाई मुलीला घेऊन अंगणात गेल्या आणि तिथून त्यांनी फौजदारांना फोन लावला.

*

फौजदार त्यांचे जुने विद्यार्थी. तरी आधी कुरकुरले. "बाई, कॉम्प्युटर बिघडला म्हणून मी केस उघडू?"

"डॉक्टरांनी मृत्यूची वेळ कोणती दिली?"

"सहा-साडेसहाच्या सुमारास."

"मग सहा अठ्ठावन्नला त्यांच्या खुर्चीत कोण बसलं होतं?"

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"घराचं कुलूप तोडलेलं नव्हतं," बाई म्हणाल्या. "एक किल्ली मुलीकडे, दुसरी मोजणीसाहेबांकडे. त्यांची किल्ली कुठे सापडली?"

कागद चाळल्याचा आवाज. "पॅंटच्या उजव्या खिशात. काळ्या दोरीला बांधलेली. मी स्वतः नऊ वीसला काढली."

टेस्टरबाईंनी मुलीला विचारलं. ती गोंधळली. "खिशात? बाबा किल्ली कधीच खिशात ठेवत नसत. दोरी गळ्यात असायची, शर्टाच्या आत. यंत्रावर वाकलं की खिशातलं सगळं पडतं म्हणून."

"पंचनाम्याला तिथे कोण कोण होतं?" बाईंनी फोनमध्ये विचारलं.

"प्रेत पाहिलं त्यांच्या हाताखालच्या मदतनीसाने, त्यानेच नऊला फोन केला. मोठे साहेब दहाला आले. पहाटे पाचपासून ते पंपघरात होते. मोटर जळाली होती, दहा-बारा कामगार सोबत. सोमवारीच विचारून ठेवलंय मी."

टेस्टरबाईंनी फौजदारांना कोऱ्या डिस्कबद्दलही सांगितलं आणि बजावलं, "ही गोष्ट आता तिघांनाच माहीत आहे. तशीच राहू द्या."

एक वाजता मोठे साहेब स्वतःच आले. पाणी खात्याचे अभियंता, धिप्पाड, सगळ्यांवर खेकसणारे.

"मशीन तयार आहे का?"

"उठत नाही," बाई म्हणाल्या. "एवढी घाई कसली हो, साहेब? माणूस जाऊन दोन दिवस झालेत."

साहेबांनी कपाळावरचा घाम पुसला. त्यांचा आवाज खाली आला.

"शनिवारी त्यांचा फोन आला होता. म्हणाले, मंगळवारी भेटतो, मोजणीविषयी आहे, फोनवर नको. तीस वर्षांत या माणसाने मला असा फोन केला नव्हता. वहीत तर सगळं ठीक दिसतंय. म्हणून मला त्यांचं मशीन बघायचंय."

"वही कोण लिहितं?"

"चार महिन्यांपासून मदतनीस. मोजणीसाहेबांचा गुडघा धरला, बांध चढवेना. अकरा वर्षं हाताखाली तयार केलेला माणूस. साहेब त्याला घरच्यासारखा मानायचे."

"हे मशीन ऑफिसने कधी घेतलं?"

"नऊ वर्षांपूर्वी. एकदम सहा, सगळी सारखी. वर दोन जादा डिस्क. एखादी बिघडली तर असावी म्हणून."

"त्या कुठे आहेत?"

"मोजणीच्या खोलीत, बांधाच्या पायथ्याशी. कपाटात."

टेस्टरबाईंनी मान हलवली. "साहेब, मशीन संध्याकाळपर्यंत इथेच राहू द्या. आणि एक विनंती. तुमचं मोजायचं यंत्र आणि दोन भरवशाची माणसं तयार ठेवा."

*

तीन वाजता त्या खालच्या वस्तीत पोचल्या. मदतनीसाचं घर शेवटच्या गल्लीत, बांधाला अगदी पाठ टेकून. दाराला कुलूप.

शेजारीण दारात कपडे पिळत होती.

"कोणीच नाही. आईला घेऊन गेला तो, शनिवारी. वर टेकडीवर खोली केलीय. म्हणे आईला दम लागतो, वर हवा चांगली."

"सामानसुद्धा?"

"सगळं. भांडीकुंडी, खाट, अगदी दारावरचा पडदासुद्धा. मी विचारलं, घर सोडलंस का रे? तर म्हणाला, तुम्हीही थोडे दिवस लेकीकडे जाऊन या की, काकी. मी म्हटलं, मला काय झालंय?"

बाईंनी मागे पाहिलं. गल्ली जिथे संपत होती तिथून बांध सुरू होत होता. गवताने झाकलेला, हिरवा, आभाळ अडवून बसलेला. त्याच्या पायथ्याशी गवताचा एक पट्टा बाकीच्यापेक्षा गडद होता. तिथून पाण्याची बारीक धार निघून गटाराला मिळत होती.

"हे पाणी नेहमीच येतं का?"

"झिरपतं थोडं. पण नितळ असायचं. आठवडा झाला, गढूळ येतंय. कपडे धुवायच्या कामाचं राहिलं नाही."

टेस्टरबाई वाकल्या. पाणी ओंजळीत घेतलं. तळहातावर मातीचा बारीक थर उरला. बांधाच्या पोटातली माती पाण्याबरोबर बाहेर येत होती.

त्यांनी तिथूनच मोठ्या साहेबांना फोन केला. "थांबू नका. आत्ता मोजा. या शेवटच्या गल्लीच्या वरचे खांब आधी."

मोजणीची खोली तिथून शंभर पावलांवर. मदतनीस आत वही लिहीत बसला होता. पस्तिशीचा, नीटनेटका, बोलायला मऊ. त्याने उठून खुर्ची पुढे केली.

"या बाई. ताईंनी बोलावलं होतं ना तुम्हाला? झाला का कॉम्प्युटर सुरू?"

"नाही बाबा. उठायचं नाव घेत नाही. कशामुळे कोण जाणे."

"अरेरे." त्याने हळहळून मान हलवली. "छोट्या डिस्कवरचे फोटो तरी ताईंना मिळवून द्या. मोठीत तर काहीच नाही, तिच्यावर वेळ घालवू नका."

टेस्टरबाईंनी चेहरा हलू दिला नाही.

"तू त्यांच्याबरोबर बसायचास वाटतं कॉम्प्युटरवर?"

"छे, छे. साहेबांच्या घरच्या मशीनला मी कधी हात लावला नाही. माझं काम इथलं."

"सोमवारी किती वाजता आलास?"

"नऊला. आलो तर साहेब पडलेले. गुडघा दुखत असताना ते बांधावर कशाला चढले, तेच कळत नाही."

"तू काय केलंस मग?"

"हात लावला नाही, बाई. लांबूनच पाहिलं, फोन केला आणि पोलीस येईस्तोवर उभा राहिलो. दुसरं कोणी फिरकलंसुद्धा नाही."

"आई कशी आहे?"

त्याचं पेन थांबलं. "बरी आहे."

"दमा केव्हापासून?"

"जुनाच आहे." तो हसला. "का हो?"

"सहज." बाईंनी कपाटाकडे नजर टाकली. काचेच्या दारामागे एकच डिस्क होती, कागदात गुंडाळलेली. तिच्या शेजारी धुळीत तेवढाच चौकोन स्वच्छ होता.

*

पाच वाजता त्याच खोलीत सगळे जमले. फौजदार दाराशी उभे राहिले. मुलगी आणि काका बाकावर बसले. मोठे साहेब शेवटी आले. बूट चिखलाने माखलेले, हातात कागद. ते कोणावरही खेकसले नाहीत.

"चौथा खांब नऊ सेंटिमीटर खचलाय. पाचवा सहा." त्यांनी टेबलावरची वही उघडली. "आणि इथे लिहिलंय, शून्य. चार महिने, दर आठवड्याला, शून्य."

मदतनीसाने ओठ ओले केले. "यंत्र बिघडलं असेल."

"यंत्र बिघडलेलं नाही," टेस्टरबाई म्हणाल्या. "तू वर चढतच नव्हतास. पहिल्या दोन-तीन खांबांपाशी जायचं आणि बाकीचं इथे बसून लिहायचं. कधीतरी जाऊन पाहिलंस तेव्हा खांब खचलेला होता. आता खरं लिहावं, तर आधीचं खोटं उघडं पडतं. म्हणून पुन्हा शून्य लिहिलंस. पण मोजणीसाहेबांना शंका आली. दुखऱ्या गुडघ्याने ते स्वतः चढले, एकदा नाही, अनेकदा, आणि खरे आकडे आपल्या मशीनवर लिहीत गेले. कोणाला सांगायच्या आधी त्यांनी तुला संधी दिली. खरे आकडे माझ्या घरच्या मशीनवर आहेत, सोमवारी सकाळी ये, दोघं मिळून मोजू. खरं ना?"

मदतनीसाने वही मिटली.

"सहा-साडेसहाला ते पायऱ्यांखाली पडले. सातला दोन मिनिटं कमी असताना त्यांचा कॉम्प्युटर सुरू झाला. म्हणजे त्यांच्या गळ्यातली किल्ली काढून कोणीतरी घरी गेलं होतं. ती किल्ली नऊ वीसला फौजदारांना खिशात मिळाली. म्हणजे ती परत आणून ठेवणाराही त्याआधी प्रेताजवळ गेला होता. तू म्हणतोस, पोलीस येईपर्यंत दुसरं कोणी फिरकलं नाही. घाईत दोरी गळ्यात घालायची राहिली आणि खिशात कोंबली गेली."

"कोणीही असू शकतं," तो म्हणाला. आवाज आता मऊ नव्हता. "भाऊ असू शकतो. कॉम्प्युटर त्याला चांगला कळतो."

काका उठू लागला. टेस्टरबाईंनी त्याला हातानेच थांबवलं.

"म्हणूनच तो नव्हे. जुनी डिस्क काढली की हे मशीन उठणार नाही, हे काकाला पक्कं माहीत होतं, दोन वर्षांपूर्वी लिहूनही ठेवलं होतं. डिस्क बदलणाऱ्याला ते माहीत नव्हतं. त्याने पाहिलं की सिस्टम छोट्या डिस्कवर आहे आणि मोजणी मोठीवर. त्याला वाटलं, मोठी बदलली तरी मशीन रोजच्यासारखं चालेल, आणि फाईल कुठे गेली हे कोणाला सुचणारही नाही. ते मशीन बंद पडलं नसतं, तर ताईने मला बोलावलंच नसतं."

"मोठे साहेब..."

"ते पहाटे पाचपासून पंपघरात होते, दहा-बारा कामगारांसोबत. आणि बसवलेली डिस्क आली कुठून? या कपाटातून. दोन होत्या, एक उरलीय. धुळीत दुसरीची जागा अजून दिसते."

मदतनीसाने कपाटाकडे पाहिलं नाही.

"तरीही मी थांबले असते," टेस्टरबाई पुढे म्हणाल्या. "पण दुपारी तू मला म्हणालास, मोठीत काहीच नाही. ती डिस्क कोरी आहे हे मला, ताईला आणि फौजदारांना सोडून कोणाला ठाऊक नव्हतं. त्या मशीनला कधी हातही न लावलेल्या माणसाला ते कसं कळलं?"

बाहेर गटारात पाणी पडल्याचा आवाज येत होता.

"मी ढकललं नाही," मदतनीस शेवटी म्हणाला. "त्यांनी खांब दाखवला. म्हणाले, आजच मोठ्या साहेबांकडे जाऊ, मी तुझ्याबरोबर येतो. मी त्यांचा हात धरला, नको म्हटलं. झटापट झाली. ते गेले खाली. मला घाबरायला झालं."

फौजदार दारातून पुढे आले. "घाबरून घरी गेलास आणि डिस्क बदललीस?"

"हो."

"कोरी डिस्क कुठे होती तेव्हा?"

"माझ्या पिशवीत..." तो थांबला.

"सकाळी सहाला बांधावर मोजायला जाणारा माणूस पिशवीत कोरी डिस्क कशाला ठेवतो?" फौजदारांनी हळूच विचारलं. "साहेबांच्या घरी जाऊन डिस्क बदलायची, तर साहेब परतायला नकोत. हे तुला वर चढायच्या आधीच माहीत होतं."

मदतनीसाचे खांदे पडले.

मुलगी बाकावरून उठली. ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"बाईंनी सांगितलं मला, शनिवारी तू आईला वर नेलंस. पडदासुद्धा नेलास. या वस्तीत माझ्या हातांवर जन्मलेली तीस-चाळीस पोरं आहेत. त्यांच्या आयांना काय सांगणार होतास?"

त्याने तोंड ओंजळीत झाकून घेतलं. डिस्क आईच्या खोलीतल्या ट्रंकेत असल्याचं त्याने आपण होऊन सांगितलं. फेकून द्यायची हिंमत झाली नव्हती. खांब किती खचतोय हे त्यालाही त्याच आकड्यांवरून कळत होतं.

*

त्या संध्याकाळी दिवे लागायच्या आत खालची वस्ती रिकामी करायला सुरुवात झाली. मोठे साहेब भोंगा घेऊन गल्लीगल्लीतून ओरडत फिरले. लोकांनी आधी शिव्या दिल्या, मग गाठोडी बांधली. तळ्याचे दरवाजे पूर्ण उघडले. पण पाणी एका दिवसात उतरणारं नव्हतं.

ट्रंकेतली डिस्क फौजदारांसमोर टेस्टरबाईंनी उघडली. मुलगी शेजारी होती. 'खरी मोजणी'त सोळा आठवड्यांचे आकडे होते. सगळ्यांत खाली, रविवारी रात्री लिहिलेल्या दोन ओळी. 'उद्या त्याला सोबत घेऊन मोजणार. माझं चुकत असेल तर माझ्याइतका आनंद कोणालाच होणार नाही.'

मुलीने त्या ओळी एकदाच वाचल्या आणि कामावर गेली.

शुक्रवारी दुपारी अडीच वाजता चौथा आणि पाचवा खांब बांधासकट खाली बसला. पाणी शेवटच्या गल्लीतून वाहत गेलं. एकोणतीस घरं गेली. माणूस एकही गेलं नाही.

विस्थापितांसाठी शाळेत दवाखाना उघडला, तिथे मुलगी कामाला होती. तिसऱ्या दिवशी टेकडीवरून एका म्हातारीला पाठीवर घालून आणलं. दम लागून जीव कासावीस झालेला. ती कोणाची आई, हे कळताच लोक बाजूला सरले. बाकावरची जागा कोणी देईना.

मुलगी पुढे झाली. तिने म्हातारीला आपल्या खुर्चीवर बसवलं आणि तोंडाला वाफेचा मुखवटा लावला.

म्हातारीने तो बाजूला सारला. "पोरी, माझा मुलगा चार दिवस आला नाही. कुठे गेलाय, कोणी सांगेना. तुला ठाऊक आहे का?"

मुलीने मुखवटा पुन्हा नीट बसवला, पट्टा कानामागे अडकवला आणि म्हातारीच्या पाठीवर हात ठेवला.

"सांगते, आजी. आधी श्वास घ्या."